धुनाऱ्यांच्या जहाजाची गाठ

सहदेवने फळ्याच्या वरच्या कडेला एक प्रश्न लिहून ठेवला होता आणि तो कधीही पुसायचा नाही, असा त्या खोलीचा नियम होता : उडायला लागण्याआधी हे लोक काय करत होते?

खोली अमरावतीत, राजापेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानावर होती. तिथे तिघे मिळून संगणकावरचा एक खेळ घडवत होते. खेळातल्या जगाची जमीन धुळीखाली गेली होती. उरलेली माणसे डोंगरमाथ्यांवर राहत आणि एका माथ्यावरून दुसऱ्यावर हवाई जहाजांतून जात. हैदराबादची नोकरी सोडून आलेला सहदेव यंत्राची बाजू सांभाळी, संध्या त्या जगाचा इतिहास लिही आणि तुबा जहाजे रेखाटी. प्रत्येक जमातीचे जहाज तिच्या जुन्या जगण्यातूनच उगवले पाहिजे, हा सहदेवचा हट्ट. पाणी वाहणाऱ्यांचे जहाज पखालीसारखे चामड्याचे होते, मेलेल्या बैलाच्या पायांची टोके अजून अंगावर बाळगणारे. कुंभारांचे जहाज म्हणजे पालथे मडके; पोटात धूर कोंडून ते वर जाई. या दोन्ही जमाती सहदेवच्या. तिसरी आणि शेवटची जागा त्याने मोकळी ठेवली होती : संध्याची किंवा तुबाची. जिची जमात निवडली जाईल, तिच्या हाती पुढच्या खेळाचे सगळे जग.

ती जागा आपली आहे, हे संध्याने मनोमन धरून ठेवले होते. मराठीची एम.ए., दोन दिवाळी अंकांत कविता. शब्दांवर तिचा जीव होता आणि तुबा तर, तिच्या मते, फक्त रेघा ओढत होती.

संध्याच्या जमातीचे नाव मौनी. त्यांची जहाजे पांढरी, बिनआवाजाची, पुढे किंचित वाकलेली. धुळीवरून ती अशी सरकत, की जणू खाली हरवलेले काही शोधत आहेत. सहदेवने ती पाने वाचली आणि पुन्हा पहिल्या पानावर आला.

"अंगावर काटा येते वाचून," तो म्हणाला. "पण फळ्यावरचं वाच ना, संध्या. उडायच्या आधी काय करत होते हे?"

"मौन पाळत होते."

"अन् पोटाले?"

तुबा हसली. तिच्या तोंडात फुटाणे होते. अकोल्याहून पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरताना ती रोज पुडी घेई. "सर, मौनी लोक फुटाणे भी चावू नाही शकत. आवाज होते."

संध्याही हसली. मग तिने मौनींची पाने गोळा करून पिशवीत घातली.

त्याच संध्याकाळी तुबाने आपला कागद फळ्याला चिकटवला. तिच्या जमातीचे नाव धुनारी. उडण्याआधी हे लोक कापूस पिंजत आणि गाद्या शिवत. जहाजाचा कणा म्हणजे पिंजाऱ्याची लांबलचक कमान, तिला ताणलेली आतड्याची तात. वरचा फुगा गादीसारखा आरपार टाके घालून शिवलेला, म्हणून वाऱ्यातही त्याचा आकार मोडत नसे. कर्णधार त्या तातीवर लाकडी मोगरीने ठोका मारी आणि दुसऱ्या माथ्यावरच्या माणसांना कळे, की धुनारी येत आहेत.

"हे कुठून काढलं तू?" सहदेव उठून उभा राहिला होता.

"घरातून," तुबा म्हणाली. "दादाजान पिंजारीच ना माझे. जुन्या शहरात दुकान आहे. आता मशीन आली, कमान खुंटीवर गेली."

संध्या कागदाकडे पाहत राहिली. त्यात खोडलेली एकही रेघ नव्हती. तिचा सगळा राग त्या न खोडलेल्या रेघांवर येऊन बसला. कापूस! चांदूर रेल्वेजवळच्या वावरात तिची आई, दुर्गाबाई, याही क्षणी पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली असेल. बोंडांच्या वाळल्या कडांनी तिच्या नखांच्या मुळाशी चिरा पडलेल्या असतील. बोंडअळीच्या या वर्षी चार बोंडे उकलावीत तेव्हा एकातून धड कापूस निघत असेल. तो कापूस संध्याने आपल्या कवितेतून वर्षानुवर्षे वेचून बाहेर टाकला होता, कारण तो वाचणाऱ्यांना केविलवाणा वाटेल, याची तिला भीती होती. आणि ही मुलगी फुटाणे खात खात आली आणि तोच कापूस आकाशात घेऊन गेली.

"एक विचारू?" संध्याचा आवाज मऊ होता. "हे लोक पिंजतात, शिवतात, सगळं खरं. पण वेचतं कोण? डोंगरमाथ्यावर कापूस येतो कुठून?"

आता हे जहाज पडणार, असे तिला वाटले.

"या अल्ला," तुबाने कपाळाला हात लावला, "ये तो मी सोचलाच नाही!" आणि तिचा चेहरा उजळला. "ताई, म्हणजे त्यांना खाली यावं लागते. धुळीवर उतरून वेचावं लागते. वेचून ठेवतील कशात?"

संध्याने तिथेच थांबायला हवे होते. पण हा कापूस आधी कोणाचा, हे दाखवण्याची हाव तिला आवरली नाही. तिने सांगितले, की बाया लुगड्याची झोळी कमरेला बांधतात. दुपारपर्यंत ती इतकी फुगते, की सगळ्या बाया गरोदर दिसतात. बांधावर येऊन ती रिकामी करतात.

"हे लाव पोटाखाली!" सहदेव टेबलावर थाप मारत म्हणाला. "झोळी! काय भारी जहाज होते पाह्य आता."

"गाठ कशी असते तिची?" तुबाने विचारले.

संध्याने ओढणी काढली. बोटांना ती गाठ पाठ होती : टोक दुमडून आत सारलेली सुरगाठ, एक हिसका दिला की सगळा कापूस भसकन पायांशी. तिने ओढणी कमरेला गुंडाळली, टोकांना पीळ दिला, दुसरा पीळ दिला आणि घट्ट, बैलाला दावे बांधावे तशी निरगाठ आवळली.

"अशी," ती म्हणाली.

तुबाने ती तशीच रेखाटली. न खोडता.

रेखाटनानंतर जहाजाची कापडी प्रतिकृती करायची, अशी त्यांची रीत होती. तिच्यासाठी पिंजलेला कापूस हवा होता, म्हणून रविवारी तिघेही अकोल्याला गेले. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत तुबाच्या आजोबांचे, बद्रुद्दीन चाचांचे, दुकान होते. यंत्र कोपऱ्यात झाकलेले. यंदाचा कापूस पाहून चाचा स्वतःशीच कुरकुरत होते.

"ये देखो, सारी कवडी," त्यांनी किडका, पिवळट पुंजका हातात धरला. "अळीचं उष्टं आहे हे. पाहुण्यांच्या उशीत भरलं त पाहुणा परत येत नाही."

मग नातीच्या हट्टाखातर त्यांनी कमान खुंटीवरून काढली. पहिला ठोका पडला आणि गल्लीतून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. तात थरथरली, तोच किडका कापूस उडाला, दारातून आलेल्या उन्हात तरंगला, पुन्हा बसला, पुन्हा उडाला. सहदेव फोन पुढे करून तो आवाज टिपून घेत होता. तुबा आजोबांच्या मागे उभी होती, केसांत कापसाचे तंतू, आणि तिला स्वतःला ते ठाऊकही नव्हते.

संध्याला त्या आवाजाचा हेवा वाटला. ज्याला असा आजोबा मिळतो, त्याच्या दुःखालाही तार असते, लय असते; ते खुंटीवर टांगता येते आणि पाहुण्यांसमोर वाजवता येते. वेचणीला आवाज नसतो. ओळीतून ओळीत वाकून सरकणाऱ्या बाया, पांढरे काही शोधणारे हात, आणि दिवस मावळेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही...

ती एकदम थिजली. पुढे वाकलेली, पांढरी, बिनआवाजाची. मौनी कोण होते, हे तिला आत्ता, दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या ठोक्यावर कळत होते. आणि त्यांची झोळी तर ती तुबाच्या जहाजाच्या पोटाखाली स्वतःच्या हाताने बांधून आली होती.

दुपारपर्यंत दुकानातच प्रतिकृती शिवून पुरी झाली. तुबाने झोळीत कापूस ठासला, गाठ बांधली, जहाज छताच्या कडीला टांगले आणि गाठ सोडायला गेली. गाठ सुटेना. नखाने नाही, दाताने नाही.

"काहून व, सुटत काहून नाही?" सहदेव वाकून पाहू लागला.

संध्या भिंतीला टेकून उभी होती. जिभेवर दोन शब्द होते : चुकीची आहे. ते तिने उच्चारले नाहीत.

तुबाने क्षणभर गाठीकडे पाहिले. मग आजोबांची कात्री उचलली आणि झोळीचे पोट सरळ कापले. कापूस खाली आला, हळूहळू, पोटातून.

"असंच," तुबा म्हणाली. "सर, हे असंच ठेवायचं. दर वेळी उतरले की पोट कापतील, अन् पुन्हा ठिगळ लावून शिवतील. जितकं जुनं जहाज तितकी ठिगळं. दुरून ठिगळं पाहून ओळखतील, याने किती खेपा केल्या."

सहदेवने तिथेच, गादीच्या ढिगावर बसून, निकाल देऊन टाकला. तिसरी जागा धुनाऱ्यांची. "पण अशी न सुटणारी गाठ हे लोक बांधतात काहून, याले कारण पायजे," तो म्हणाला. "ते संध्या लिहिन. तिच्यासारखं कोणाले जमते?"

संध्याला कळले, की आता खरे बोलणे हाच सर्वांत मोठा घाव ठरेल. ही गाठ खोटी आहे, आमच्याकडे कोणी अशी बांधत नाही, एवढे म्हटले की ठिगळे जातील, कात्री जाईल, जहाजाचे सगळे सौंदर्य जाईल. आणि गप्प राहिले, तर ते सौंदर्य तुबाचे. अमरावतीच्या परतीच्या वाटेवर तिने दोन्ही तोलून पाहिले. एकही हलके नव्हते.

तिने लिहिले. दुसऱ्या दिवशी तुबाने तो कागद उभ्यानेच मोठ्याने वाचला :

"धुनाऱ्यांना ही गाठ शिकवली ती एका परक्या वेचणारणीने. त्यांच्या तातीचा आवाज साऱ्या माथ्यांवर जात असे आणि तिच्या वेचण्याला आवाज नव्हता. तिने त्यांना आपली झोळी दिली. ती सुटू नये अशी गाठही दिली. धुनाऱ्यांनी झोळी कापली आणि तिच्या लुगड्याचे ठिगळ लावले."

वाचून झाल्यावर तुबाने कागद खाली ठेवला. पुडी उघडली, फुटाणे संध्यासमोर धरले.

"ताई, सुरगाठ मले माहीत होती," ती हलकेच म्हणाली. "आमच्या गल्लीतल्या बाया भी जातात ना वेचायले, मॅजिक गाडीमध्ये भरभरून."

संध्याचा हात अर्ध्यावर थांबला. "मग त्या दिवशी बोलली काहून नाहीस?"

"तुमची जास्त छान दिसत होती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर संध्याला तो झेलता आला असता. संध्याच्या द्वेषाचा घाव कुठेच लागला नव्हता. तुबाने तो उचलून पाहिला होता, पारखला होता आणि जिथे शोभेल तिथे बसवला होता.

"मौनीच्या फाइलचं काय करू?" सहदेवने स्क्रीनवरून मान न वळवता विचारले. "ठेवू का काढू?"

संध्याने फळ्याकडे पाहिले. त्या प्रश्नाचे उत्तर आता तिच्याजवळ होते, आणि जागा भरली होती.

"वेचत होते," ती म्हणाली.

पण त्याच वेळी तुबाने अकोल्याचा आवाज लावला होता. तातीचा ठोका खोलीभर घुमला, आणि संध्या काय बोलली, ते कोणालाच ऐकू गेले नाही.