डाव्या डोळ्याचं भिंग

भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ मावशीने घडाघडा वाचली आणि सिस्टरने कौतुकाने मान डोलावली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून आत भिंग बसवल्याला महिना झाला होता. आता डाव्याची पाळी. समाधानी आहात ना, असं सिस्टरने विचारलं. मावशी तोंड उघडणार, तोच मागच्या खुर्चीवरून तिचा मुलगा म्हणाला, "एकदम समाधानी!"

राग गिळायची तिला जुनी सवय. पण आज तो घशाखाली उतरेना.

लोक तिला रफूवाली मावशी म्हणत. लहानपणापासून तिला लांबचं दिसायचं नाही. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, तो काढला की दारात कोण उभं आहे तेही कळायचं नाही. पण तोच चष्मा काढून कापड नाकाशी धरलं की सुताचा पीळसुद्धा दिसायचा. कोटाला उंदराने पाडलेलं भोक ती असं भरायची, की कोटवाल्यालाही शोधून सापडू नये. देवाने एका हाताने काढून घेतलं ते दुसऱ्या हाताने दिलं, असं ती मानत आली होती.

आता समोरच्या गच्चीवरचा कावळा कोणत्या पायावर उभा आहे ते तिला सांगता येई, आणि हातातल्या सुईचं नेढं मात्र दिसत नसे. वाचायचा चष्मा मिळाला होता. त्याने छापलेलं वाचता येई, काळ्या कापडातला काळा धागा नाही. महिनाभर ती डाव्या, धुकटलेल्या डोळ्यानेच काम रेटत होती. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने रफूवर बोट ठेवलं आणि हळूच म्हटलं, असू दे मावशी, वय झालं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आत डॉक्टरांनी मशीनवर डोळा मोजला आणि सहज म्हणाले, "आजी, यालाही लांबचंच भिंग बसवू या, उजव्यासारखं."

"लांबचंच म्हणजे? दुसरंही असतं का?"

असतं की, डॉक्टर म्हणाले. जवळचं स्पष्ट दिसेल असंही बसवता येतं. मागच्या वेळी त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मावशी शेजारच्या खोलीत थेंब घालून डोळे मिटून बसली होती, म्हणून मुलानेच लांबचं बसवा असं सांगितलं होतं.

मावशीने मान वळवली. मुलाने सारवासारव केली. सकाळी उठल्या उठल्या ती चष्मा चाचपडायची, ते त्याला बघवत नव्हतं. आणि आता कशाला हवेत ते टाके? "आयुष्यभर राबलीस. आता आराम कर, एवढंच मनात होतं गं."

म्हणजे तिचं काम बंद करायचं घरात ठरलं होतं. तिलाच तेवढं कळवलं नव्हतं.

आवाज चढवायची तिला गरज पडली नाही. डॉक्टरांकडे बघून ती म्हणाली, "कापड कुणाचं आहे ते विचारल्याशिवाय मी टाका घालत नाही. तुम्ही माझ्या डोळ्याबद्दल याला विचारलंत?"

डॉक्टर गडबडले. बहुतेकांना लांबचंच हवं असतं, म्हणाले, आणि तुमचा निकाल तर उत्तम आहे, शेवटची ओळ वाचलीत.

"वाचली. पण मी तक्ते रफू करत नाही."

"आई, बाहेर लोक ऐकताहेत," मुलगा कुजबुजला.

"ऐकू देत. तू बाहेर जाऊन बस."

तो हसला. थट्टाच असेल, असं त्याला वाटलं. मावशी बघत राहिली, तो उठेपर्यंत.

दार लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काम किती अंतरावर धरता? तिने बाही नाकाशी नेली. इतकं जवळ आता जमणार नाही, ते म्हणाले. दीड वितीवर स्पष्ट दिसेल. दोन डोळे दोन तऱ्हेचे होतील, कदाचित गरगरेल, सवयीला वेळ लागेल. उजवा मात्र आता पुन्हा उघडणं धोक्याचं, तो तसाच राहील.

तिने एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. मग म्हणाली, "दीड वीत तर दीड वीत. लिहून ठेवा. आणि ऑपरेशनच्या टेबलावरही मलाच विचारा."

बाहेर मुलगा उभाच होता. जिन्यापाशी येऊन त्याने विचारलं, "गेला का राग?"

"नाही," मावशी म्हणाली आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागली. "आणि तू त्याची घाई करू नकोस."