खिसा, रिकामा

"खिसा. रिकामा. खिसा. रिकामा."

मी ओरडत होते आणि नवरा मैदानात पाय आपटत होता. नुकतंच उजाडलं होतं. दूधवाला सायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकवून तमाशा बघत होता.

"वहिनी, हे काय म्हणायचं?"

"कवायत."

"मग डावा-उजवा म्हणा की सरळ."

"तुम्हीच म्हणून बघा."

त्याने घसा साफ केला आणि "डावा" म्हणाला. नवऱ्याने उजवा पाय टाकला, मग घाबरून तो मागे घेतला, आणि दोन्ही पाय एकाच वेळी उचलायला गेल्यासारखा जागच्या जागी उडाला. दूधवाल्याने ओठ दाबले. पॅडल मारून निघून गेला, पण लांबवर त्याचे खांदे हलताना दिसत होते.

माझ्या नवऱ्याला डावं-उजवं कळत नाही. माणूस मंद नाही. रंगाच्या दुकानात नोकरी करतो, डबे उतरवतो, रंग कालवून देतो. गिऱ्हाइकाला "उजवीकडच्या फळीवर बघा" म्हणतो आणि बोट डावीकडे करतो. गिऱ्हाईक बोटावर विश्वास ठेवतं म्हणून दुकान चाललंय. जेवायचा हात तो उजवा, असं सासूबाईंनी लहानपणीच शिकवलं होतं. ते त्याला कळतं, पण जेवतानाच.

खिशाची युक्ती माझी. मी शर्टांच्या कारखान्यात खिसे शिवते. फक्त खिसे. कॉलर दुसरी लावते, बाह्या तिसरी, काज-बटणवाली वेगळीच. मी सकाळी बसते आणि शर्टाच्या डाव्या छातीवर खिसा लावते. मग पुढचा शर्ट, पुढचा खिसा. नवरा दुकानात दिवसभर खिशातली पेन्सिल काढतो आणि ठेवतो. हात आपोआप तिकडे जातो, डोक्याला विचारत नाही. मग मी म्हटलं, डावा म्हणजे खिसा, उजवा म्हणजे रिकामा. त्याच सकाळी पठ्ठ्या सरळ चालायला लागला.

"तुला कसं गं सुचतं हे?" तो म्हणाला.

"दिवसभर तेच करते ना."

"हां," तो म्हणाला, आणि पुढे माझ्याविषयी बोलणं संपलं.

*

चाळिशीत सैन्यात जायचं खूळ वरच्या मजल्यावरच्या फौजीने घातलं. फौजी कधीचाच निवृत्त झालाय, पण जिना उतरतो तेव्हा माणसं आपसूक भिंतीला चिकटतात. आमच्यासारख्यांच्या नवऱ्यांसाठी कोणी भिंतीला चिकटत नाही. रंगाचा दुकानदार माझ्या नवऱ्याला "ए" म्हणून हाक मारतो आणि फौजी डबा घ्यायला गेला की "या साहेब, बसा साहेब". हे नवऱ्याने कित्येक वर्षं बघितलं. एक दिवस फौजी म्हणाला, सैन्याच्या राखीव दलाची भरती आहे, बेचाळीसपर्यंत घेतात, वर्षातले काही महिने छावणी आणि बाकीचे घरी. झालं. नवरा घरी आला तो छाती काढूनच.

मला वाटलं सासूबाई आडव्या पडतील. विशीत त्याला जायचं होतं तेव्हा दाराला कडी घालून बसल्या होत्या, एकुलता एक म्हणून. या वेळी त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"जा बाबा. तेव्हा नाही सोडला, मनात राहिलं तुझ्या."

"आणि आता कसं सोडता?" मी विचारलं.

"आता तू आहेस की घरात."

मी म्हणजे कडी.

संध्याकाळी फौजी चहाला येऊन बसायचा आणि छावणी सांगायचा. नवरा ऐकायचा ते बंदुकीचं, सलामीचं, बिल्ल्याचं. मी गॅसपाशी उभी राहून वेगळंच ऐकत होते.

"प्रत्येकाला आपली खाट," फौजी म्हणाला. "खाटेखाली आपली पेटी. पेटीला कुलूप, किल्ली आपल्याकडे."

"आणि जेवण?" मी मध्येच विचारलं.

"जेवण तयार. रांगेत जायचं, घ्यायचं, खायचं."

"भांडी?"

"आपलं ताट आपण धुवायचं."

"फक्त आपलं?"

"मग काय पलटणीचं?" फौजी हसला. नवराही हसला. सासूबाई दात नसलेल्या तोंडाने हसल्या.

मी हसले नाही. मला तेव्हाच विष चढलं. फक्त आपलं ताट. लग्न झाल्यापासून मी फक्त माझं ताट कधी धुतलेलं नाही. किल्ली तर सोडाच, माझी वस्तू ठेवायला या घरात एक खण आहे, त्यातही सासूबाईंच्या गोळ्या. आणि हा माणूस, ज्याने स्वतःचा पेला कधी विसळला नाही, तो छातीवर बिल्ला लावून खाटेवर झोपायला जाणार आणि त्याला लोक शूर म्हणणार. मी कधी म्हणावं की मला चार महिने कुठेतरी जायचंय? लोक डॉक्टर बोलावतील.

दुसऱ्या दिवसापासून घर त्याच्याभोवती फिरायला लागलं. सासूबाईंनी त्याच्या ताटात दोन अंडी ठेवली. मी तिसरं सोलायला घेतलं तर म्हणाल्या, "तुला कुठे पळायचंय?"

मी पळत होते. तेच तर. नवरा एकटा पळाला की पहिल्या फेरीत उधळायचा आणि दुसरीत कंबरेवर हात ठेवून झाडांची पाहणी करायचा. म्हणून वेग धरायला मी बाजूने पळायचे, चपला हातात घेऊन. आधी त्याच्या मागे होते, मग बरोबर, आणि मग मला मुद्दाम हळू पळावं लागायला लागलं. सासूबाई संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायच्या. मी माझ्या पोटऱ्या न्हाणीघरात दार लावून चोळायचे, चोरून चिंचा खाणाऱ्या पोरीसारखी.

एकदा फौजी मैदानावर आला. आम्हाला बघून म्हणाला, "वहिनी, तुम्हीच व्हा भरती. बायकांनाही घेतात आता, त्याच वयाला. आणि हा बसेल घरी भाकऱ्या थापत."

"जळतील सगळ्या," नवरा म्हणाला. दोघं खदखदून हसले, आणि बोलणं बुटांच्या मापाकडे गेलं.

बायकांनाही घेतात. तो एवढं बोलला आणि विसरला. मी कारखान्यात दिवसभर खिसे शिवले आणि दोनदा सुई बोटात घुसवून घेतली.

*

भरतीच्या आदल्या संध्याकाळी नवरा पळायचा बनियन घेऊन माझ्यापुढे बसला.

"याला खिसा लाव ना."

"बनियनला?"

"अगं, उद्या रांगेत वळायला लावणार. खिसा नसला तर मी काय चाचपू?"

आवाज असा की पोरगं शाळेच्या दारात रडवेलं उभं आहे. आमची मुलगी नर्सिंगला हॉस्टेलवर गेली तेव्हाही ती अशी घाबरली नव्हती. मी मशीनवर बसले. बनियन पसरला. खिशाचा तुकडा कापला, कडा मोडल्या.

आणि तो उजव्या छातीवर ठेवला.

कोणाला कळणार होतं? त्याला तर मुळीच नाही. त्याला जिथे खिसा तिथे डावं. उद्या सगळी रांग एकीकडे वळली असती आणि हा दुसरीकडे. खाट गेली, किल्ली गेली, परवापासून परत दुकान आणि दोघांची ताटं माझ्यापुढे. सुई खाली करायची फक्त. नवरा शेजारी बसून बूट पुसत होता, गुणगुणत होता. माझा पाय मशीनच्या पायडलवर होता. इतका हलका तो आयुष्यात कधी वाटला नव्हता.

"झालं का?" तो म्हणाला.

"थांबा जरा."

मी तुकडा उचलला आणि डाव्या बाजूला ठेवला. प्रेमाबिमाने नाही. इतकी वर्षं खिसे लावतेय, एकही वाकडा गेला नाही, आणि याच्या पायी माझं काम बिघडवायचं होय? कोपऱ्यांना दोनदा टीप मारली. त्याने बनियन घातला, पेन्सिल खिशात टाकली आणि आरशासमोर वळून बघितलं. बरोबर वळला.

*

भरतीचं मैदान जाळीच्या कुंपणाचं होतं. आत पुरुष, बाहेर त्यांच्या आया आणि बायका. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या. नवऱ्याने पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "जाळीजवळ राहा. दिसत राहा."

धाव सुरू झाली. तो पोरांच्या नादाने उधळला आणि मला कळलं की आता दुसऱ्या फेरीत झाडं बघणार. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि जाळीच्या बाहेरून त्याच्या बरोबरीने पळायला लागले. बायका बाजूला झाल्या. कोणीतरी म्हणालं, "काय गं बाई ही." जाळीपलीकडून त्याने माझ्याकडे बघितलं आणि वेग धरला. शेवटपर्यंत पोचला. तो गुडघ्यांवर हात ठेवून ओकायच्या बेतात होता. मला फक्त घाम आला होता.

फाटकावर वर्दीतली एक बाई उभी होती. माझ्यापेक्षा लहानच. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वय काय तुमचं?"

"अडतीस."

"बायकांची धाव यानंतर आहे. ओळखपत्र आहे का?"

पिशवीत होतं. सहज राहिलं होतं असं कोणाला सांगितलं तर खोटं होईल. मीच ठेवलं होतं, रुमालाखाली.

"बघते," मी म्हटलं.

"बघून काय होतं?" ती म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात आत रांग लागली. पळून आलेल्यांना दलाची जाकिटं वाटली, पाठीवर आकडा असलेली, जुनी, धुवून विटलेली. नवऱ्याने बनियनवर जाकीट चढवलं, चेन ओढली, आणि मी जाळी घट्ट धरली. जाकिटाला छातीवर दोन खिसे होते. दोन्ही बाजूंना. एकसारखे.

मी खिसे शिवणारी बाई. वर्दीला दोन खिसे असतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. फौजीचा वर्दीतला फोटो त्याच्या भिंतीवर शंभरदा बघितला, पण बघितला तो फक्त बिल्ला.

"डावीकडे वळ," कवायत घेणारा उस्ताद ओरडला.

नवऱ्याचा हात छातीवर गेला. खिसा. मग दुसरा हात दुसरीकडे गेला. खिसा. तो दोन्ही हात छातीवर ठेवून उभा राहिला, दुखतंय कुठेतरी असा. मग वळला. सगळी रांग तिकडे आणि हा इकडे, शेजारच्या पोराच्या नाकाला नाक लावून.

"काका, गळाभेट घरी जाऊन घ्या," उस्ताद म्हणाला. मैदान हसलं. जाळीजवळच्या बायका हसल्या. आणखी दोनदा वळायला लावलं. दोन्ही वेळा तेच. मग उस्तादाने नुसतं बोटाने बाहेर दाखवलं. ते बोट मात्र त्याला बरोबर कळलं.

मला बरं वाटलं. पोटात थंडगार पडावं तसं. आता लोक म्हणोत काय म्हणायचं ते. बरं वाटल्याचा राग नंतर आला.

तो बाहेर आला. खिशातली पेन्सिल त्याने मुठीत धरली होती.

"दोन होते गं," तो म्हणाला.

"बघितलं."

"तू तर एकच सांगितला होतास."

मी पिशवीतून ओळखपत्र काढलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"बायकांची धाव आहे."

"मग?"

"चपलांकडे लक्ष ठेवा."

"वेडी आहेस का तू? आई घरी एकटी आहे. आणि तू गेलीस तर..." तो थांबला. पुढचं वाक्य त्यालाच ऐकू आलं असावं. "घरात कोण आहे मग?"

"तुम्ही आहात की," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखली. गॅसपाशी उभी राहून इतके दिवस मी त्याच नजरेने त्याच्याकडे बघत होते. आमच्या घरात ती एकच होती, आज त्याच्याकडे गेली.

मी आत गेले. पळाले. कोणासाठी हळू पळायचं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा कळलं की मी किती पळते. माझ्याहून धाकट्या पोरी मागे राहिल्या. जाळीबाहेर कोणी बरोबर पळत नव्हतं. एक फेरी तो तिथेच दिसला, पिशवी छातीशी धरून. नंतर मी बघितलं नाही.

मग जाकिटं वाटली. माझं खांद्यांना मोठं होतं. हात खाली सोडायला गेले आणि थांबले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या छातीवर खिसे लावले, माझ्या अंगावर कधी एक नव्हता. आता एकदम दोन. मी दोन्हींत हात घालून बघितले. रिकामे होते. छान रिकामे होते.

जाळीकडे बघितलं. नवरा नव्हता. लांबवर, रस्त्याच्या वळणापर्यंत कोणी नव्हतं. पिशवी खांबाला अडकवलेली होती, बंदाला नीट गाठ मारून. खाली माझ्या चपला होत्या. मी त्या कुठेही भिरकावल्या होत्या. त्याने शोधून आणल्या होत्या, माती झटकली होती आणि शेजारी शेजारी जोडून ठेवल्या होत्या. डावीच्या जागी उजवी आणि उजवीच्या जागी डावी.

शिट्टी झाली. मी अनवाणीच रांगेत जाऊन उभी राहिले.