दोन दाखले

मी दत्तराव. वालूरच्या पुढं सहा किलोमीटरवर आमचं गाव, अन् मी त्या गावचा पोलीस पाटील. माझ्याबद्दल काय काय बोलायलेत ते येतं कानावर. मी हॉटेलात शिरलो की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. मी बाहेर पडलो की पुन्हा सुरू. बोला की, बोला! उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं? म्हणून म्हणलं, एकदा मीच सांगतो. मंग काय ठरवायचं ते ठरवा.

आमचा एकुलता एक पोरगा, परमेश्वर, अमेरिकेत हाय. सरळ विमानात बसून न्हाई गेला. एजंटानं आधी कुठल्या कुठल्या देशात फिरवला, मंग जंगलातून पायी चालवला, अन् शेवटी मेक्सिकोच्या बाजूनं भिंतीवर चढवून पलीकडं उडी मारायला लावली. पाय मुरगळला, तसाच लंगडत तिथल्या पोलिसाच्या गाडीपुढं जाऊन उभा राहिला. म्हणला, मला वाचवा, मपल्या देशात माझा जीव घेतील. असंच म्हणायचं असतं, एजंटानं पाठ करून घेतलं व्हतं. त्याला तिथं काम मिळालं, राहायला मिळालं, अन् कोर्टात केस सुरू झाली. मला तर पोरगा लढाई मारून आल्यावानी वाटला. वालूरच्या बाजारात चार माणसांत छाती पुढं काढून सांगायचो, आमचा परमेश्वर अमेरिकेची भिंत चढला म्हणून.

आता कोर्टात त्यानं काय सांगितलं ते ऐका. म्हणला, आमच्या गावात बाहेरून पोट भरायला आलेल्या गरिबांना लोक मारतेत, मी त्यांची बाजू घेतली, म्हणून गाव माझ्या जिवावर उठलं. बाजू! ह्या पोरानं उभ्या जन्मात मपल्या आईची बाजू घेतली न्हाई. पण तिथली वकीलबाई हुशार, तिनंच ती गोष्ट बसवून दिली.

सप्टेंबराच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आबा, नुसत्या तोंडी गोष्टीवर जज ऐकत न्हाई म्हणती वकीलबाई. गावात तसं कायतरी घडल्याचा पुरावा पायजे. व्हिडिओ, फोटो. अन् गावच्या जबाबदार माणसाचं पत्र. न्हाई दिलं तर हातापायात बेड्या घालून विमानात बसवतेत."

बेड्या म्हणल्याबरोबर परमेश्वरच्या आईनं, आमच्या सरजानं, चुलीवरचा तवा उतरवला. दोन दिवस तिनं तोंडात घास घेतला न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणली, "अवं, कायबी करा, पण माझ्या लेकराला बेड्या पडू देऊ नका." कायबी करा, असं तीच म्हणली. हे ध्यानात ठेवा.

आता मोतालेब. आमच्या गावात हा एकच बंगाली. बंगालातल्या मालदा जिल्ह्याचा म्हणून सांगायचा, आधार कार्ड दाखवायचा. आठ वर्षं फरशी बसवायचं काम करायलता. हात असा, की न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं की थेंब न् थेंब मोरीकडं पळायचा. गावातल्या निम्म्या घरात त्याच्या हातची फरशी, माझ्याबी घरात. उंबऱ्याजवळ एक चौकोनी तुकडा तिरपा बसवायचा, ती त्याची खूण. दुपारी ओसरीवर बसून सरजाच्या हातची भाकर-ठेचा खायचा अन् नाक पुसत "माँजी, और एक" म्हणायचा. बाहेरचा माणूस गावात राहायला आला की त्याची नोंद ठेवायची, हे पोलीस पाटलाचं काम. मीच माझ्या रजिस्टरात त्याचं नाव लिहिलं व्हतं, मपल्या हातानं.

मंग ते मोबाईलवरचं वारं आलं. घुसखोर, घुसखोर. गावातली पोरं दिवसभर तेच बगायली. मी बी बगायचो. लांबच्या एका मुलखात दुसऱ्याच देशाची फौज घरं पाडायलती, बाया-पोरं गाढवावर गाद्या टाकून चाललेली, ते मी हॉटेलात सगळ्यांना दाखवलं. म्हणलं, "ह्याला म्हणतेत मर्द!" तिथं सिद्धोधन गुरुजी चहा पीत बसलेले. बुद्धवाड्यातले, आमच्या शाळेवर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. ते म्हणले, "दत्तराव, तुमचे आजोबा कुणाशी लढले व्हते?" मी म्हणलं, "गुरुजी, ते येगळं." ते म्हणले, "काय येगळं?" मी म्हणलं, "आपलं ते आपलं असतं. ज्याच्यात दम हाय त्यानं दुसऱ्याचं घ्यावं, ही जगरहाटी हाय." गुरुजी चहा तसाच ठेवून उठून गेले. मास्तर लोकांना राग लवकर येतो.

सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, झेंड्यापुढं दरसाल भाषण माझंच असतं, कारण माझा आजा निजामाच्या राज्यात भूमिगत व्हता. रझाकार गावात शिरले की माणसाला मपल्याच घरात चोरावानी कसं राहावं लागायचं, ते मी सांगतो, अन् दरसाल माझ्या डोळ्यांत पाणी येतं. खरं पाणी येतं, नाटक न्हाई. यंदा मी पुढं चार शब्द वाढवले. म्हणलं, "पोरांनो, आजचा दुश्मन बंदूक घेऊन येत न्हाई. थापी घेऊन येतो."

समोरच ग्रामपंचायतीच्या नव्या खोलीत मोतालेब फरशी बसवायलता. त्याच्या हातात थापी. सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळल्या.

माझा पुतण्या योगीराज पुढं झाला अन् कॉलर धरून त्याला बाहेर ओढला. मंग दहा-पंधरा जण तुटून पडले. मला थांबवता आलं असतं का? आलं असतं. खोटं कामून बोलू? माझा एक आवाज गेला असता तर पोरं जागच्या जागी थांबली असती. पण त्याच घडीला मला वकीलबाईचं बोलणं आठवलं. मी खिशातून मोबाईल काढला.

मोतालेबला वाटलं, मी पोलिसाला फोन लावायलोय. तोंडातून रक्त यायलतं, तरी हात जोडून म्हणायला, "हाँ पाटील साब, लगाओ फोन. जल्दी लगाओ."

मी म्हणलं, "योग्या, त्याला उन्हाकडं घे. सावलीत तोंड दिसंना."

योग्यानं घेतलं. साफ आलं सगळं. दात पडताना बी दिसतो.

पोलीस आले, घुसखोर म्हणून त्याला गाडीत टाकून घेऊन गेले. मी व्हिडिओ अमेरिकेला पाठवला. वकीलबाई लय खूश. आता पत्र पायजे, ते बी इंग्रजीत. मी संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. गुरुजी आधी दारातच उभे राहिले, आत या म्हणले न्हाई. पण मी मजकूर सांगायला लागलो तसे खाली बसले अन् चष्मा पुसला. मी सांगितलं ते असं: मोतालेबला मी आठ वर्षांपासून ओळखतो. तो भारतातलाच, प्रामाणिक कारागीर हाय. माझ्या रजिस्टरात त्याची नोंद हाय. माझ्या डोळ्यांदेखत गावानं त्याला नाहक मारलं, अन् पोलीस पाटील असून मी त्याला वाचवू शकलो न्हाई. असल्यांची बाजू घेतो म्हणून माझ्या पोराचा बी गाव जीव घेईल.

परमेश्वरबद्दलचं शेवटचं वाक्य खोटं हाय ते गुरुजींना कळलं असणार. पण त्यांनी माझा हात धरला. "दत्तराव, माझं तुमच्याबद्दल मत वाईट व्हतं. माफ करा. पोरासाठी का व्हईना, खरं लिहून द्यायलात. हेच मराठीत लिहून देतो, सकाळी ठाण्यावर द्या. मोतालेब उद्याच सुटंल." लिहून दिलं बी. मी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले अन् म्हणलं, "देतो की."

सकाळी ठाण्यावर गेलो, द्यायलाच गेलो व्हतो. जमादार म्हणला, "पाटील, बगा बुवा. तुमी ह्याला ओळखता असं लिहिलं तर हा झाला आपल्याच देशाचा माणूस. मंग मारणाऱ्या पोरांवर गुन्हा, अन् पोरांना चिथावलं कुणी, तेबी निघंल. ओळखत न्हाई असं लिहिलं तर पोरं मोकळी."

आता तुमीच सांगा. तुमी काय केलं असतं? सांगा, सांगा! आता बरं गप बसलात.

मी लिहिलं, सदर इसमास मी ओळखत नाही. माझ्या दप्तरी त्याची कोणतीही नोंद नाही. खाली सही, सहीवर शिक्का. तोच पेन, तोच शिक्का. इंग्रजी कागदावर बी तिथंच, त्याच टेबलावर सही केली अन् परभणीहून कुरिअर करून टाकलं. घरी येऊन रजिस्टरातलं पान काढून चुलीत घातलं. सरजा भाकर थापायलती. तिनं बगितलं अन् पुन्हा भाकर थापायला लागली.

पुढं कळलं की मोतालेबला बंगालच्या सीमेवर नेऊन पलीकडं ढकलला. कुणी म्हणतं पलीकडच्यांनी बी त्याला घेतला न्हाई, कुणी म्हणतं पकडून जेलात टाकला. मला नक्की माहीत न्हाई. मी चौकशी केली न्हाई.

दिवाळी झाल्यावर त्याची बायको आली, रोशनारा म्हणून. मालद्याहून तीन गाड्या बदलून परभणीला उतरली अन् विचारत विचारत गावात पोचली. सोबत गुरुजी. तिच्या पिशवीत सासऱ्याच्या वावराचं खरेदीखत, मतदारयादीचे कागद, शाळेचा दाखला, सगळं प्लास्टिकात गुंडाळलेलं. म्हणली, "पाटील साब, सब मानते हैं ये काग़ज़। लेकिन यहाँ की पुलिस के पास आपकी चिट्ठी है, उसी पे सब अटका है। बस इतना लिख दो कि आप पहचानते हो।"

मी म्हणलं, "मैं नहीं पहचानता."

गुरुजी ओरडले, "दत्तराव! पत्र मी लिहिलंय, मपल्या हातानं!"

मी म्हणलं, "कोणतं पत्र? दाखवा." त्यांच्याकडं प्रत न्हवती, दोन्ही कागद मीच उचलून आणलेले.

त्या बाईची नजर उंबऱ्याजवळ गेली. तिथं बसली अन् त्या तिरप्या तुकड्यावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतेत तसा. "ये उनका है," म्हणली. मी म्हणलं, असली फरशी परभणीत शंभर जण बसवतेत. सरजानं आतून पाण्याचा तांब्या आणला. मी तिला डोळ्यानं दटावलं, तरी तिनं त्या बाईच्या हातात तो दिलाच. बाई पाणी पिऊन गेली. गुरुजी तेव्हापासून माझ्या रामरामाला उत्तर देत न्हाईत. न का देईनात.

जानेवारीत निकाल लागला. परमेश्वर केस जिंकला! जजबाईच्या डोळ्यांत म्हणं तो व्हिडिओ बगून पाणी आलं. आता कुणी त्याला हाकलू शकत न्हाई, बेड्या न्हाईत, काय न्हाई. मी वालूरहून पेढे आणले, पुऱ्या गावाला वाटले. योग्याला दोन दिले. घरी येऊन पोराला फोन लावला, अन् सरजाला बी ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

सरजा म्हणली, "बाळा, आता तर सगळं झालं. मंग उन्हाळ्यात ये की. लय दिवस झाले रे तुला बगून."

मंग म्हणला, "आई, येता येत न्हाई."

"बरं, दिवाळीला ये."

"आई, तसं न्हाई. गावात जीव घेतील म्हणून मला इथं ठेवून घेतलंय. मीच गावाला आलो तर ते म्हणतील, मंग भीती कसली? सगळं खोटं व्हतं. उद्या पुन्हा आत घेणार न्हाईत. मला गावाला येताच येणार न्हाई आता. आबांना माहीत असंल. आबांनीच तर लिहून दिलंय."

मला माहीत न्हवतं. आईशपथ माहीत न्हवतं. पण सरजा पोराशी बोलायची सोडून माझ्याकडं बगायली. म्हणली, "म्हणजे मी मेल्यावर बी न्हाई?" मी मोबाईल खाटेवर ठेवला. ती म्हणली, "ती रोशनारा इथं बसली व्हती, तेव्हाच मला वाटलं व्हतं. हिचा तळतळाट लागंल. तिच्यात अन् माझ्यात काय फरक राहिला वं?"

माझं डोकं सणकलं. शब्द तोंडातून कसे निघाले मला कळलं न्हाई. "फरक? तिचा नवरा चोरट्यावानी दुसऱ्याच्या देशात शिरला व्हता! खोटं बोलून दुसऱ्याच्या ताटातलं खायलता! असल्या हरामखोराला लाथा घालूनच हाकलायला पायजे! माझा बाप असता तरी मी हेच म्हणलं असतं!"

मोबाईल आमच्या दोघांच्या मधी खाटेवर पडलेला, स्पीकर चालू.

"परमेश्वरा," मी म्हणलं, "तुला न्हाई म्हणलं मी. ऐकायलास का?"

तो ऐकायलता. श्वासाचा आवाज यायलता. मंग म्हणला, "आबा, तुमी बरोबर बोललात," अन् फोन ठेवून दिला.

त्या दिवसापासून त्याचा फोन सरजाच्या मोबाईलवर येतो. ती उठून अंगणात जाते अन् तिकडंच बोलते. आत आली की मी विचारतो, काय म्हणला? ती म्हणती, "काय न्हाई."