हरवलेले एकेचाळीस

मी एक शोधनिबंध बोलतोय. पळू नका! विषय क्षयरोगाचा असला तरी माझ्यापासून लागण होत नाही. पानं अकरा, तक्ते चार, आणि नाव एवढं लांबलचक की वाचता वाचता माणसाला जांभई यावी.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. माझी आई सार्वजनिक आरोग्याची संशोधक. घरचे मला 'तुझं धाकटं' म्हणत, कारण तीन वर्षं मी तिला दुसरं काही सुचूच दिलं नाही. क्षयाचं औषध सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, आणि काही जण मधेच येईनासे होतात. आरोग्य केंद्राच्या वहीत अशांच्या नावापुढे एकच शब्द लिहितात, 'हरवले'. आईच्या यादीत असे एकेचाळीस होते. 'रुग्ण निष्काळजी असतात' असा निष्कर्ष तिनं पहिल्या मसुद्यात लिहूनही टाकला होता, आणि मी तो निमूटपणे अंगावर मिरवत होतो.

मग पत्ते तपासायला ती घरोघरी गेली. पहिल्याच दारात शिवणकाम करणाऱ्या एक आजी, गळ्यात टेप.

"आजी, तुम्ही हरवलात म्हणून शोधत आले," आई म्हणाली.

"मी? अगं, नऊ वर्षं मी इथेच आहे. तीनदा औषधाला आले, तीनदा तुमची खिडकी बंद. आता हरवलं कोण, तूच सांग!"

आई पायरीवर बसून खो खो हसली. मग तिला स्वतःची लाजही वाटली. एकेचाळीसपैकी छत्तीस जण आपापल्या घरीच सापडले. केंद्रातली औषधाची खिडकी दुपारी एकला बंद व्हायची, आणि यातल्या बहुतेकांची कामं त्यानंतर सुटायची. घरी येऊन तिनं निष्कर्ष खोडला आणि मला पहिल्यापासून लिहिलं.

दोन नियतकालिकांनी मला साभार परत पाठवलं, तिसऱ्यानं छापलं. मला वाटलं, आता जग बदलणार! वर्षभरात माझा उल्लेख तीनदा झाला, त्यातले दोन खुद्द आईचेच.

तिनं माझ्या प्रती आरोग्य केंद्रांना पाठवल्या. त्यातला मी एक, या केंद्रात येऊन पडलेला. इथल्या सिस्टरनं पाकीट फोडलं, नाव वाचलं, जांभई दिली आणि माझ्यावर चहाचा कप ठेवला. आठ महिने मी तिथेच होतो. राग मानला नाही. समोर सत्तर माणसांची रांग असताना तक्ते कोण वाचणार?

एका दुपारी बेकरीत काम करणारे काका धापा टाकत आले. त्यांचा औषधाचा तिसरा महिना होता. घड्याळात दीड.

"उद्या या," सिस्टर म्हणाली.

"उद्याही दीडच वाजणार हो. एकला तर भट्टीवरून सुटतो. आणि आता बरं वाटतंय मला. राहू द्या."

ते वळले. अर्धवट औषध सोडलं की हा आजार पुन्हा उलटतो, हे माझ्या दुसऱ्याच पानावर आहे. पण मला तोंड कुठे होतं? काका माझे बेचाळिसावे होणार, हे मला दिसत होतं.

सिस्टरनं वही ओढायला कप उचलला. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उलटून खाली माझं सहावं पान उघडं होतं, आणि त्यावर आजींचं बोलणं जसंच्या तसं छापलेलं. ती वाचून हसली. मग एकदम हसायची थांबली आणि धावतच फाटकापाशी गेली.

"अहो काका, थांबा! खिडकी बंद असली म्हणून काय झालं, मी आहे ना!"

पुढच्या आठवड्यात तिनं मला मोठ्या डॉक्टरांसमोर आपटलं. "बघा, छापून आलंय!" माणसांची ही मोठी गंमत आहे. रुग्ण तेच तोंडानं सांगत होते, तेव्हा कुणी ऐकलं नाही. छापून आलं की लगेच पटतं. खिडकी आता संध्याकाळी सहापर्यंत उघडी असते.

काकांनी सहा महिने पुरे केले. शेवटच्या दिवशी ते लोणी लावलेला गरम पाव घेऊन आले आणि सिस्टरनं तो माझ्यावरच ठेवला. चहाच्या गोल डागांशेजारी आता लोण्याचाही डाग आहे. कोपरे दुमडलेत, दहावं पान गळालंय, तरी मी खुशीत आहे.

बाबांनो, मला वाचलं नाहीत तरी चालेल, कप खुशाल ठेवा. फक्त कुणाच्या नावापुढे 'हरवले' लिहिण्याआधी एकदा त्याचं दार वाजवा. बहुतेक वेळा आतून आवाज येतो, "अगं, मी इथेच आहे!"