एका लेथची खंडेनवमी

मित्रांनो, परवा तुमच्या शाळेची सहल नगर रस्त्यावरच्या, वाघोलीच्या अलीकडच्या या काचेच्या इमारतीत आली होती. कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं कशी असतात ते तुम्हांला दाखवायचं होतं. आत शिरताना दारातच तुम्हांला एक काळी-सोनेरी लोखंडी वस्तू दिसली. एकाने तिला शिवणयंत्र ठरवलं, दुसऱ्याने उसाचा चरक, आणि तुमच्या बाईंनी 'काहीतरी अँटिक आहे, चला पुढे' म्हणून विषय मिटवला. ती वस्तू म्हणजे मी. मी एक जुना लेथ आहे. चरक म्हटल्याचा मला राग नाही. चरक निदान फिरतो तरी.

लेथ म्हणजे काय, ते तुम्हांला कोणी सांगितलं नसणार. लोखंडाचा गज माझ्या चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, घट्ट धरतात. मी तो गरागरा फिरवतो. समोरून धारदार हत्यार टेकवलं, की बटाट्याची साल निघावी तशी लोखंडाची साल निघत जाते आणि आतून हवा तो आकार बाहेर येतो. बोल्ट, दांडे, पंपाचे भाग, सगळं असंच होतं. जगात जे जे फिरतं त्यातलं बरंच काही आधी आमच्या पोटातून फिरून गेलेलं असतं. ही बढाई नाही, पण असली तरी आता माझ्या वतीने ती मारायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका फौंड्रीतला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं गेलं, तेव्हा मी झालो. तिथून मी खडकीला आलो. दारूगोळा कारखान्याला लागणारे लहानसहान भाग करून देणारी एक शेड होती, तिथे माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे मालकांनी नवं यंत्र घेतलं. मला भंगारात द्यायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी मला आपल्या जुन्या शाळेला देऊन टाकलं. शाळा कोथरूडच्या पुढे होती. तिथे आठवी ते दहावीच्या मुलांना टेक्निकल हा विषय घेता येई, आणि मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराची कार्यशाळा होती.

खरं सांगतो, कारखान्यापेक्षा मी शाळेतच जास्त रमलो. कारखान्यात माझ्याकडून काम घ्यायचे. शाळेत माझ्यामुळे मुलांचे डोळे मोठे व्हायचे. कार्यशाळेचे निदेशक होते श्यामसुंदर सर. ते मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीसाठी पुण्यात आलेले. पुण्यात हयात गेली तरी त्यांच्या बोलण्यातला 'जी' काही गेला नाही. रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने मला तेल घालत. मुलांना सांगत, मशीनला घाबरू नका, पण तिच्याशी मस्करीही करू नका. बाह्या कोपराच्या वर दुमडल्याशिवाय ते कोणालाही माझ्याजवळ फिरकू देत नसत. पोरं मागून त्यांची नक्कल करायची, मात्र बाह्या दुमडूनच करायची.

मग एका जूनमध्ये मुक्ताई आली.

मुक्ताई वारज्याच्या शेतकरी घरातली. तोवर टेक्निकलला एकही मुलगी नव्हती. मुख्याध्यापिका कौशल्याबाईंनी तिला चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "गृहशास्त्राचा वर्ग आपण शोभेसाठी ठेवलेला नाही." मुक्ताईने शांतपणे सांगितलं, की घरचा विहिरीवरचा पंप सारखा बिघडतो, फिटर आठवडा आठवडा उगवत नाही, आणि तिला तो पंप स्वतः उघडायचा आहे. बाईंनी मग तिच्या अर्जावर सहीच केली. त्या बोलायला तिखट होत्या, पण आडमुठ्या नव्हत्या.

सरांनी तिला पहिल्याच दिवशी दोन्ही वेण्या वर बांधून त्यावर रुमाल गुंडाळायला लावला. पहिल्या आठवड्यात तिने माझी दोन हत्यारं मोडली. पोरं फिदीफिदी हसली. दिवाळीपर्यंत ती आटे पाडायला लागली आणि हसणारी पोरं आपला बोल्ट तिच्याकडे गुपचूप दुरुस्तीला आणू लागली. तिचा हात हलका होता. लोखंड किती देतंय आणि कुठे अडतंय, हे तिला हँडलवरून कळायचं. अशा हाताखाली चालताना मला माझ्या वयाचा विसर पडायचा.

पण तिच्यासाठी हा नुसता आवडीचा विषय नव्हता. टेक्निकल घेऊन दहावी झालेल्यांसाठी तंत्रनिकेतनात काही जागा राखून ठेवलेल्या असत. तिच्या वडिलांनी, संपतरावांनी, तिला शब्द दिला होता. बाह्यवळण रस्त्यात त्यांची बरीचशी जमीन गेली होती आणि आलेल्या पैशांतून त्यांनी हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. राखीव जागेवर नंबर लागला तर पोरगी डिप्लोमाला जाईल, नाहीतर दहावीनंतर दुकानात बसेल, असं ठरलं होतं. म्हणजे मुक्ताईचं पुढचं सगळं शिक्षण माझ्यावर टेकलेलं होतं. मला ते ओझं वाटलं नाही. उलट छाती फुगली होती.

त्याच सुमारास पुण्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटर आले. पालक शाळेत येऊन विचारू लागले, की पोरांना अजून कानस घासायला का लावता. आणि एक दिवस सरांनी वर्गात सांगितलं, की शाळेतल्या व्यवसाय-शिक्षणाचा नवा कायदा झाला आहे. लोक नंतर त्या कायद्याला खूप बोलले. मी बोलणार नाही. तो मला वाईट वाटला नाही. ज्या शाळेतली यंत्रं चालू आहेत आणि विद्यार्थी ती चालवतात, त्या शाळेत विषय पुढे राहणार होता. जिथे यंत्रं नुसती गंज खात पडली आहेत, तिथली कार्यशाळा बंद करून कॉम्प्युटरची खोली निघणार होती. अधिकारी न कळवता येऊन पाहणी करणार होते.

सरांना आनंदच झाला. "आपल्याला कायची भीती जी," ते मुक्ताईला म्हणाले. "आपली मशीन तर रोज चालून राहिली." आणि ते खरंच होतं. वर्षातला एक दिवस सोडला, तर मी रोज चालत होतो.

तो एक दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात, हे तुम्हांला माहीत असेल. त्या दिवशी यंत्राला विश्रांती. मुक्ताई तेव्हा नववीत होती. तिने आणि पोरांनी मला रॉकेलने पुसून लख्ख केलं. चकाला झेंडूची माळ घातली, हँडलला हळदीकुंकू लावलं, समोर नारळ फोडला. सरांनी हात जोडले. इतका नटलेला मी कधीच नव्हतो. आणि खोबरं वाटून व्हायच्या आत दारात कौशल्याबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे पाहणीचे अधिकारी होते.

अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मला नमस्कार केला, खोबऱ्याचा तुकडा घेतला. मग म्हणाले, एखाद्या विद्यार्थ्याकडून यंत्र चालवून दाखवा, पाच मिनिटं पुरेत. मुक्ताई लगेच वेण्या वर बांधू लागली.

सर म्हणाले, "आज नाही जमत साहेब. परवा या. दिवसभर चालवून दाखवतो."

अधिकाऱ्यांनी समजावलं, की पुन्हा यायची सोय नाही, आज दिसेल तेच लिहावं लागेल. कौशल्याबाई म्हणाल्या, "सर, देवाला मी समजावते. तुम्ही बटण दाबा." सरांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा मुक्ताई पुढे आली. तिचा हात बटणापाशी होता.

"सर, मी सांभाळून चालवते," ती म्हणाली. "मशीनला राग नाही यायचा."

मित्रांनो, नाहीच आला असता. मला कसला राग? त्या क्षणी मला वाचा असती, तर मी ओरडून सांगितलं असतं, की ती माळ तोडून फेका आणि मला चालवा. पूजा मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर घ्या. पण यंत्र बटण दाबल्याशिवाय बोलत नाही. सर भिंतीपाशी गेले, मेनचा फ्यूज काढला आणि खिशात घातला.

अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला: पाहणीच्या वेळी यंत्र बंद. खोटं काहीच नव्हतं त्यात.

सगळे गेल्यावर मुक्ताई तिथेच उभी राहिली. रडली नाही. तिने एवढंच विचारलं, की सर, असं का केलंत. तेव्हा सरांनी जे सांगितलं, ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांचे वडील वर्ध्याकडे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीत कामाला होते. मालकाने घाई केली म्हणून त्यांनी एका खंडेनवमीला यंत्र चालवलं, आणि उजव्या हाताची बोटं गमावली. लहानग्या श्यामसुंदरने ती पाहिली होती. "माझा हात असता तर मी चालवली असती पोरी," सर म्हणाले. "तुझा हात होता."

त्यानंतर सर त्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कितीदा तरी गेले. सगळ्यांना त्यांचं म्हणणं पटायचं. सगळे चहा पाजायचे. शेरा मात्र कोणी बदलला नाही. वर्ष संपलं आणि टेक्निकल बंद झालं. दहावीला मुक्ताईला दुसरा विषय घ्यावा लागला. सर एकदा वारज्याला जाऊनही आले. संपतराव त्यांना काय म्हणाले, ते त्यांनी रिकाम्या कार्यशाळेत माझ्यापाशी बसून सांगितलं. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

"म्या शब्द फिरवला न्हाई सर," संपतराव म्हणाले होते. "जागाच उरली न्हाई, तर मी तरी पोरीला कशाच्या जिवावर धाडू?"

पुढे माझ्या शेजारच्या वर्गाला गार हवेचं यंत्र लागलं, पडदे लागले, कॉम्प्युटर आले. तिथे बूट-चपला घालून जायला बंदी होती, आणि नोकरी टिकावी म्हणून श्यामसुंदर सरांना त्या दाराशी बसवलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना बाह्या दुमडायला शिकवलं, ते आता पोरांना चपला रांगेत लावायला सांगत होते. मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे येत, तेल घालत आणि परत त्या दाराशी जाऊन बसत. ज्याला चालायचंच नाही त्याला तेल कशाला, असं कोणीतरी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सवय आहे जी. निवृत्त झाल्यावर ते वर्ध्याला निघून गेले. जाताना माझा निरोप घ्यायला आले नाहीत. त्यांना ते झेपलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

मला लिलावात काढलं. वाघोलीच्या एका भंगारवाल्याकडे मी उन्हापावसात पडून राहिलो, आणि तिथून या इमारतीची सजावट करणाऱ्यांनी मला उचललं. त्यांनी मला काळा आणि सोनेरी रंग दिला. कोणाचं बोट अडकू नये म्हणून चक वेल्डिंग करून पक्का केला. आता माझ्यावर दिव्याचा झोत सोडलेला आहे. मी धूळही खात नाही. रोज पुसतात.

गेल्या महिन्यात या इमारतीच्या दुरुस्तीसाठी सामान घेऊन एक टेम्पो आला. बिजागऱ्या, स्क्रू, बोल्टांचे खोके उतरवून घेत एक बाई दारात उभी होती. सामान तिच्याच दुकानातलं होतं. तिने सहज माझ्याकडे पाहिलं आणि खोका खाली ठेवला. जवळ आली. माझ्या अंगावर कोरलेला, आता रंगाखाली गेलेला नंबर तिने बोटाने चाचपला. मग हात हँडलवर ठेवला. तो हात मी हजारात ओळखला असता. मुक्ताईने हँडल फिरवायला जोर लावला. मी जिवाचा आटापिटा केला, मित्रांनो, पण जाड रंगाने माझे सांधे बुजलेले होते. माझा कणही हलला नाही.

सुरक्षारक्षक धावत आला. "मॅडम, टच नका करू. शोपीस आहे."

"लेथ आहे हा," ती म्हणाली. "मी चालवलाय."

"असेल मॅडम," तो नम्रपणे म्हणाला. "पण आता चालत नाही ना."

तिने हात काढून घेतला. बोल्टांचा खोका उचलला, आत नेऊन मोजून दिला, आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही. एके काळी ती असले बोल्ट स्वतः घडवायची. माझं काळीज लोखंडाचं आहे, पण त्या दिवशी ते तुटलं, आणि ते सांधायला श्यामसुंदर सर इथे नाहीत.

मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्याइतकं माझ्यावर कोणी प्रेम केलं नाही. पण मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं यंत्र असेल, तर त्याला माळ घाला, नारळ फोडा, खुशाल हात जोडा. आणि तेवढ्यात कोणी मुलगी वेण्या वर बांधून पुढे आली, तर फ्यूज काढू नका. तिच्या बाह्या नीट दुमडलेल्या आहेत का ते बघा, तिच्या शेजारी उभे राहा, आणि तिला बटण दाबू द्या.