चाळीसच्या भिंगावरचं तेल

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, मित्रांनो. नांदेडच्या एका कॉलेजात, पांढऱ्या उंदरांच्या खोलीला लागून जी प्रयोगशाळा आहे, तिथे खिडकीजवळ माझी जागा आहे. मला दोन डोकी आहेत, म्हणजे दोन माणसं एकाच वेळी एकच काच बघू शकतात. तुम्हाला वाटेल, मग इथे वाद होतच नसतील. चार महिने मी काय सोसलं ते मलाच ठाऊक.

माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. रेणुकादास सरांनी माझा खोका स्वतः उघडला, तेव्हा तेही नवे आणि मीही नवा. मला खोळ घातल्याशिवाय सर कधी घरी गेले नाहीत. मुलांना ते दरवर्षी बजावायचे, "शंभर पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाला तेल लागतं. चाळीसच्या भिंगाला तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही." माझ्यावर वाकून शिकलेली कितीतरी मुलं डॉक्टर झाली. येणाऱ्या पाहुण्यांना सर आधी मला दाखवायचे.

मग डाळमिलच्या धुळीचं काम आलं. उंदरांना पेटीत बसवून दोन वर्षं ती धूळ श्वासातून द्यायची आणि शेवटी त्यांच्या फुफ्फुसांचे पातळ काप काचेवर घेऊन वर्गवारी करायची. नुसती सूज, साधी पिशवी की कर्करोगाची गाठ? काचेवर फक्त आकडा असे. कोणता उंदीर धुळीतला आणि कोणता चांगल्या हवेतला, ते बंद पाकिटात होतं. काचेवर जे दिसेल त्याला नाव द्यायचं भोकरच्या वर्षाराणीने आणि ते तपासायचं सरांनी. ती सरांचीच विद्यार्थिनी.

उंदरांचं दाणापाणी धोंडाबाई बघायची. तिची लेक पुनम लातूरला डाळमिलात चाळण्यावर कामाला होती आणि खोकल्याने बेजार होऊन माहेरी आली होती. त्यामुळे उंदरांचा निकाल काय लागतो, याची सगळ्यात जास्त काळजी धोंडाबाईला होती.

काचा बघायचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात एका दुपारी सरांनी एका काचेवर तेल टाकून शंभरच्या भिंगातून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. सरांनी घाईघाईत भिंगांची चकती फिरवली आणि चाळीसचं भिंग थेट तेलात बुडालं. मी ओरडू शकत नाही. तेल तिथेच वाळलं आणि भिंगावर साय धरल्यासारखं झालं. सगळं आयुष्य मुलांना जे सांगितलं, तेच सर स्वतः विसरले, आणि मला ते बघत बसावं लागलं.

पिशवीची कड अखंड असेल तर ती साधी पिशवी. कड फोडून पेशी शेजारच्या मांसात घुसल्या असतील तर कर्करोग. हे सगळं ठरतं चाळीसच्या भिंगातून, आणि तिथे तर आता सगळंच पुसट, गुळगुळीत दिसत होतं.

"सर, सतरा नंबरची कड मला बरोबर वाटून नाही राहिली," वर्षाराणी म्हणाली.

"मला तर गोल दिसून राहिली. साधी पिशवी लिही."

"दहाच्या भिंगातून खडबडीत दिसते, सर."

"दहातून कड ठरवतात का? तुला कर्करोग सापडायलाच पाहिजे का?"

चार महिन्यांत असं अकरा काचांवर झालं. दोघं एकाच वेळी माझ्यात डोळे घालून भांडत होती आणि दोष त्यांच्या नाकाखाली होता. इतका संताप मला कधी आला नव्हता. शेवटी वर्षाराणीने ओठ आवळून 'साधी पिशवी' असं लिहून टाकलं.

त्याच दिवशी धोंडाबाईने सरांना गाठलं. "सर, उंदराईचं काय निघालं? पुनमला मिलातून बलावणं आलंय."

"काही नाही मावशी, साध्या पिशव्या आहेत. खुशाल पाठवा."

सर खोटं बोलले नाहीत. त्यांना दिसलं तेच त्यांनी सांगितलं. पुनम सोमवारी लातूरला गेली.

वर्षाराणीचं मन मात्र खात होतं. आठवड्याने तिने रक्ताची एक साधी काच लावली. रक्तातल्या पेशी तर ठळक दिसायला हव्यात, त्याही तशाच पुसट! तिने माझं डोळा लावायचं वरचं भिंग काढलं, उलटं धरलं आणि त्यातून चाळीसचं भिंग न्याहाळलं. मग तेल विरघळवणारं झायलीन लावलेल्या मऊ कागदाने हळूहळू पुसलं. कागद पिवळा झाला. तिने सतरा नंबरची काच पुन्हा लावली आणि सरांना बोलावलं.

कड तीन ठिकाणी फुटलेली होती.

सरांनी वाकून तिन्ही फटी पुन्हा पुन्हा पाहिल्या. "तेल मीच लावलं होतं," ते म्हणाले. "फोन आला होता. सगळ्या काचा पुन्हा बघायच्या, पहिल्यापासून."

मग त्यांनी धोंडाबाईला आत बोलावलं. "मावशी, मी चुकीचं सांगितलं. पाकीट अजून उघडायचंय, आणि उंदराचं तेच माणसाचं होतं असंही नाही, पण मी खुशाल म्हणायला नको होतं. पुनमला थांबवा, तिची छाती तपासून घेऊ."

"आठ दिस झाले की सर, तिला जाऊन."

धोंडाबाईने तिथूनच फोन लावला. पलीकडून चाळण्यांचा धडधडाट ऐकू येत होता. "पुनम, बाहेर ये. मशीनीपासून बाहेर ये म्हणते ना. ऐकू येऊन राहिलं का न्हाई?" ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. धडधडाट काही कमी होत नव्हता.

मित्रांनो, मला तोंड नाही. काम झालं की मला पुसत जा, घाई असली तरी पुसत जा. माझ्यातून बघूनच कुणीतरी कुणाला 'खुशाल पाठवा' म्हणत असतं.