न फोडलेलं पाकीट

पाकिटाचा एक कोपरा मऊ पडला होता, जुन्या कापडासारखा. लुओ शुन खिशातल्या खिशात तो अंगठ्याने चोळत राहिला. समोर पडद्यावर त्याचीच खोली होती — त्याची खाट, त्याची निळी बादली, खिडकीबाहेर चीनमधल्या छोंगछिंग शहराच्या उतारावर एकमेकांच्या खांद्यावर उभी असलेली घरं आणि त्यांच्या डोक्यावर नवे टॉवर... आणि त्याच्या खाटेवर, त्याचीच गोधडी ओढून, कुणा बड्या घरचा एक नितळ कातडीचा नट गरीब होऊन झोपला होता.

"किती खरं वाटतं ना," पुढच्या रांगेतली मुलगी लाह्या चघळत म्हणाली.

खरं! झोपून बघ एकदा त्या खाटेवर. त्या नटासाठी आधी ढेकणांचं औषध मारलं होतं. शुन तिथे झोपायचा तेव्हा ते मारावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

शेजारी बाबा सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. कट्. कट्. जन्मभर बांबूच्या दांड्याला लोकांची ओझी अडकवून नदीपासून वरच्या बाजारापर्यंत पायऱ्या चढलेला माणूस. आज या मॉलच्या दारातच रखवालदाराने अडवलं होतं. "ओ काका, दांडा बाहेर. इथे कुठे हमाली करताय?" आणि बाबा हसून म्हणाले होते, "ठेवतो बाबा. सिनेमात मी आहे, दांडा नाही." हसायचं कशाला? ... शुनला तेव्हा रखवालदारापेक्षा बाबांचाच राग आला होता.

पैशांचं ते लाल पाकीट दिग्दर्शक शेनने दिलं होतं, गेल्या हिवाळ्यात, खोलीतलं शूटिंग संपलं त्या दिवशी. दोन्ही हातांनी, किंचित वाकून. "राहू दे, आमच्या धंद्याची रीत आहे." शुनला वाटलं, मान दिला. दिवे सांभाळणारा माणूस मागून ओरडला होता, "ए भावा, आज सूर्य मावळायच्या आत उडवून टाक हं ते. घरात ठेवू नकोस!" शुन मनात म्हणाला, उडवायची सवय तुम्हाला. त्याने पाकीट फोडलंसुद्धा नाही. उशीखाली ठेवलं. सिनेमा लागेल त्या दिवशी याच पैशांत बाबांना तिखट रश्श्याची हंडी खायला घेऊन जायचं, पोट फुटेस्तोवर...

पडद्यावरचा मुलगा घरात आला. कॅमेरा भिंतीकडे वळला.

भिंतीवर बाबा होते. काळ्या फितीत. खाली उदबत्त्या, तीन संत्री. 'भिंत रिकामी दिसते, एखादा फोटो आहे का' म्हणून शेनने मागून नेलेला फोटो — आणि मुलगा त्याच्यापुढे डोकं टेकत होता.

कट् थांबलं.

आणि शुनला पाकीट कळलं, कधीतरी कानावर पडलेलं आठवलं. सिनेमात ज्याला मेलेला दाखवतात त्याच्यासाठी लाल पाकीट देतात, अपशकुन उतरावा म्हणून. आणि ते लगेच खर्चायचं असतं, नाहीतर मरण घरातच बसून राहतं. बसलंच होतं. त्याच्याच उशीखाली. वसंतात बाबा ओल्या पायऱ्यांवरून पडले, तेव्हापासून त्यांच्या श्वासात ही शीळ आली...

"मेल्यावर बरा दिसतो रे मी," बाबा कानाशी म्हणाले. "जिवंतपणी मेला असला उजेड कधी पडला नाही थोबाडावर."

कट्. बिया पुन्हा सुरू.

गप्प बसा, त्याला ओरडायचं होतं. चिडा ना एकदा तरी! पण पडद्यावर तो मुलगा आता आगगाडीत बसला होता, खिडकीवर डोकं टेकून, मागे कुणी नसलेला, मोकळा. आणि शुनच्या छातीत काहीतरी सैल झालं — क्षणभर, फक्त एक क्षण, पण झालं. अस्सं असेल तर... कुठलं गाव? कुठलंही. त्याने दात आवळले. हे शेनने घातलं का डोक्यात, की शेनला ते त्या खोलीतच सापडलं होतं, गोधडीखाली, बादलीमागे?

दिवे लागले. टाळ्या. शेन मंचावर आला, काळी टोपी हातात धरून. "ज्यांच्या घराने ही गोष्ट दिली ते आपल्यात आहेत. लुओ शुन, दोन शब्द बोला ना."

सगळी डोकी वळली. कुणीतरी माइक हातात कोंबला.

"बोल," बाबा त्याच्याकडे झुकून म्हणाले. "चांगलं बोल. वाकडं नको." आणि स्वतःच टाळी वाजवू लागले.

काय बोलायचं होतं ते जिभेवर तयार होतं — हा बघा, हा मेलेला माणूस, हा बसलाय. शिव्यासुद्धा तयार होत्या. पण ते ऐकून सगळे बाबांकडे बघतील, आणि बाबा हसतील... आणि ती आगगाडी बघून आलेली मोकळीक? ती कुणाच्या नावावर घालायची? पाकीट खिशात घामाने ओलं झालं होतं. आता ते बाबांपुढे कोणत्या तोंडाने फोडायचं.

माइकमधून श्वास ऐकू येत होता. साऱ्या सभागृहात, वरून, चारी भिंतींतून. आपलाच, असं त्याला वाटलं. त्याने श्वास रोखला.

तरी तो येतच राहिला. शीळ घातल्यासारखा, ओझं घेऊन पायरी चढल्यासारखा. लोक वाट बघत होते, पुढची मुलगी मोबाइल उंच धरून होती. शुनने माइक दूर नेला नाही.